पस्तीसच्या वर नको

मला थांबता येत नाही. आता गुडघे बोलायला लागलेत तरी येत नाही, तेव्हा तर अंगात नुसता भुंगा शिरलेला असायचा. जेवताना पाय हलवत बसायचो. न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली की उठायला बघायचो. फाट्यावर एसटीला पाच मिनिटं उशीर झाला तर पुढच्या फाट्याकडे पायी निघायचो, आणि मधल्या रस्त्यात तीच एसटी माझ्या तोंडावर धुरळा उडवून निघून जायची. आई म्हणायची, "याच्या पायाले भिंगरी बांधूनच धाडलं देवानं." अशा माणसाच्या हातात सरकारने फटफटी दिली. चूक सरकारचीच होती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून पाहिलं.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. नांदुऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी लस टोचायच्या कामावर होतो. शिक्षण बेताचं, हुद्दा त्याहून बेताचा. पण खेड्यात गेलो की सगळे मला डॉक्टरसाहेब म्हणायचे आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. खरे डॉक्टर दवाखान्यात खुर्चीवर असत. त्यांना मी साहेब म्हणायचो.

आमचं त्या उन्हाळ्यातलं काम म्हणजे बुळकांडी. आजच्या पोरांना हा शब्दही माहीत नाही, आणि नाही तेच बरं. गाईबैलांची महामारी होती ती. आधी ताप, मग तोंडात फोड, मग पाण्यासारखी हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. एका गोठ्यात शिरली की सगळा गोठा रिकामा करून जायची. तिच्यावर औषध नव्हतं, फक्त आधी टोचायची लस होती. ती लस लहान कुपीत वाळवलेल्या पुडीच्या रूपात रेल्वेने नांदुऱ्याला यायची. कुपी बर्फातच ठेवायची, गावात पोचल्यावर थंड सलाईनमध्ये कालवायची आणि दोन तासांत संपवायची. बर्फ गेला की लस गेली. आणि गेलेली लस दिसायला अगदी जिवंत लशीसारखीच दिसते. सुईत भरली तर कुणाच्या बापाला कळत नाही.

बर्फासाठी रुंद तोंडाचा मोठा थर्मास होता, तो कॅनव्हासच्या पिशवीत घालून मी छातीशी बांधायचो. आणि खाली फटफटी. लहानच, एका सिलिंडरची, पण चाकोऱ्यांतून आणि नाल्यांतून जायला उंच बांधलेली. काट्यावर साठपर्यंत आकडे. मिळाली त्याच दिवशी मलकापूरच्या रस्त्याला मी तिला पंचावन्नवर नेली आणि तशीच परत आणून स्टेशनासमोरच्या मिस्त्रीच्या दुकानात उभी केली. मोठा पराक्रम गाजवून आलो होतो ना! मिस्त्री आधी कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर होता. त्याने नुसता तळहात सिलिंडरच्या जवळ नेला, न लावताच मागे घेतला.

"किती येळ पळवली?"

"मलकापूरच्या अलीकडं गेलो न् आलो."

"एका दमात?"

"हाव."

"अरे बाप्पा! काट्यावर साठ लिवले म्हून साठनं जायाचं? तुले पळता येते ना बे? मंग शेगावपर्यंत पळतच जाशीन काय?"

माझं वय पाहून तो 'बे' म्हणायचा, माझा हुद्दा आठवला की 'भाऊ' म्हणायचा. त्या दिवशी त्याने मला बाकावर बसवलं आणि धडा दिला. पस्तीस. पस्तीसवर तास चालव, दोन तास चालव, इंजिन काही म्हणणार नाही. पंचेचाळीस घ्यायची ती एखाद्या ट्रकला मागे टाकण्यापुरती. पन्नास विसरून जा. वैशाखात तर तीसच. "हे एकटंच हाय ना," तो सिलिंडरवर बोट वाजवत म्हणाला, "सारा भार एकाच पिस्टनवर. आन् याले थंडं करते ते वारं. वारंच तापलेलं असलं तं ते कायनं थंडं होईन?" तेल पेट्रोलातच मिसळलेलं असतं, म्हणून उतारावर वेगाची मूठ पुरती सोडायची नाही, पेट्रोल बंद झालं की तेलही बंद. आणि मुख्य म्हणजे आवाज ऐकायचा. "भरलेला आवाज हाय तोपर्यंत चालू द्या. पत्र्यावानी बारीक वाजू लागला, का मूठ कमी करा, क्लच दाबा, झाड पाहून उभे राहा. एक बिडी प्या."

"मी बिडी पीत नाही."

"मंग प्याले शिका भाऊ! पन उभे राहा."

तो पस्तीसचा काटा मला शिवी दिल्यासारखा वाटायचा. रिकामा सरळ रस्ता समोर पडलेला, मुठीत अजून अर्धा वळसा शिल्लक, आणि आपण मास्तरच्या मागे चाललेल्या पोरासारखे गुपचूप पस्तीसवर! अंगाचा तिळपापड व्हायचा. तरी दोन महिने मी ते पाळलं. मिस्त्रीच्या धाकाने पाळलं, पटलं म्हणून नाही.

वरवट बकालला एक शेतकरी होता, चाळिशीचा, सडसडीत. बौद्ध वस्तीतला. बापाने आणि आज्याने दुसऱ्यांच्या शेतात जन्म काढला होता. याने रेल्वेच्या खडीवर कैक वर्षं राबून चार एकर घेतले होते आणि दोन वर्षांपूर्वी बैलजोडी. घराण्यातली पहिली जोडी. पांढरे बैल, एकाच्या कपाळावर काळा ठिपका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने मला घरात नेण्याआधी गोठ्यात नेलं होतं. स्वतः तो ओसरीत झोपायचा आणि बैलांना कुडाच्या आतली सावलीची बाजू दिली होती, यावरून बायको त्याला गावासमोर चिडवायची.

लशीबद्दल गावाच्या मनात भीती होती. टोचलं की गाय गाभ टाकते, बैल पेरणीला उठत नाही, असं काय काय. या माणसाला वाचता येत होतं. आम्ही वाटलेला कागद त्याने पारावर उभं राहून वाचून दाखवला, मग घरोघर जाऊन समजावलं. शेवटी मोठ्या वाड्यांतले लोक म्हणाले, ठीक आहे, पण आधी तुझे बैल टोचायचे, त्यांचं काय होतं ते पाहू, मग आमचे. एरवी पाणवठ्यावर त्याच्या बैलांना शेवटचा नंबर द्यायचे हेच लोक. तो हसून म्हणाला, "चाला, या कारनानं का होईना, माहे बैल पयले तं आले." मला मात्र त्याने बाजूला घेऊन बजावलं, "दिवस चुकवू नका डॉक्टरसाहेब. लय मुश्किलीनं हाव म्हनले हे लोक. एकडाव घरी गेले तं पुन्यांदा नाई यायचे."

दिवस ठरला. सकाळी आठला सगळी जनावरं गावाबाहेरच्या निंबाखाली आणायची. आणि नेमकी त्याच दिवशी लस आणणारी गाडी अडीच तास उशिरा आली. मी स्टेशनच्या फलाटावर किती येरझारा घातल्या ते त्या हमालांना विचारा. दहा वाजून गेल्यावर पार्सल हातात पडलं. बर्फ भरला, कुपी आत ठेवल्या, थर्मास छातीला बांधला आणि निघालो. निघताना मिस्त्री दुकानातून ओरडला, "ऊन पाहा! तीसच्या वर नोको!" मी हात हलवला. मला तो हात अजून दिसतो, 'हो हो' म्हणणारा, आणि डोक्यात मात्र निंबाखालून एकेक करून घरी निघालेली जनावरं.

बर्फाची काळजी नव्हती. भरलेला थर्मास संध्याकाळपर्यंत सहज टिकायचा. घाई सगळी माझी होती. गावच्या हद्दीबाहेर पडलो तेव्हा पस्तीस, मग चाळीस, मग सरळ रस्ता आला आणि मूठ आपोआप फिरत गेली. पन्नास. काळी रानं दोन्हीकडे भेगाळून पडलेली, वारा भट्टीतून आल्यासारखा, आणि मी आडवा होऊन टाकीवर झुकलेला. मजा येत होती, हेही सांगून टाकतो. दोन महिन्यांत पहिल्यांदा जीव थाऱ्यावर वाटत होता.

सात-आठ मैल तसेच गेले. मग आवाज बदलला. बारीक झाला, पत्रा वाजावा तसा. मी ऐकला. ऐकला नाही असं म्हणायची मला सोय नाही. मला वाटलं, पूर्णा आली की थांबू, तिथं पाणी आहे, आता तीन-चार मैलच तर राहिलेत. पुढच्या मिनिटाला ताकद गेली, मागचं चाक एकदम आवळलं आणि गाडी फरफटत तिरपी झाली. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. किक खाली जाईना. उभं राहून तिच्यावर नाचलो तरी जाईना.

आजूबाजूला एक बाभूळ, तिची सावली चाळणीतून गाळलेली. माणूस नाही, विहीर नाही. माझी पाण्याची बाटली मी केव्हाच पिऊन संपवली होती. मिस्त्रीने सांगितलं होतं, इंजिन धरलं तर काही करू नको, आपोआप निवू दे, तासाभरात सुटतं. तासभर! मी पाच मिनिटं बसलो, उठलो, सिलिंडरवर फुंकर मारली. होय, तोंडाने फुंकर मारली, लहान पोर दुधावर मारतं तशी. टोपीने वारा घातला. किक दाबली. बसलो. उठलो. निंबाखाली माणसं आभाळाकडे बघून दिवस मोजत असतील, त्या माणसाला टोमणे मारत असतील, कुठे आहे रे तुझा डॉक्टर? माझा जीव नुसता खालीवर होत होता.

आणि छातीशी बर्फ होता.

अर्धाच घेऊ, असं मी ठरवलं. अर्धा लशीला पुरेल. झाकण उघडून मूठभर खडे काढले आणि सिलिंडरभोवतीच्या लोखंडी पाकळ्यांवर ठेवले. चर्र करून वाफ उठली, खडे बोटांतल्या बोटांत नाहीसे झाले. आणखी एक मूठ. मग आणखी एक. कुठेतरी टण्णकन वाजलं, एक पाकळी तडकली होती, मी तिकडे बघितलंही नाही. थर्मासचं झाकण मातीत पडलेलं, तोंड उघडं, वरून वैशाखाचं ऊन. किती मुठी घेतल्या ते मी मोजलं नाही. शेवटी किक खाली गेली तेव्हा मी आनंदाने ओरडलो, त्या ओसाड रानात एकटाच.

तिथून मात्र पंचवीसवर गेलो. आता शहाणपण आलं होतं. पूर्णा ओलांडली, वरवट बकालला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. माणसं होती! सगळी होती. तो दोन्ही बैलांची दावी धरून सर्वांत पुढे उभा होता, घामाने निथळत, आणि मला बघून त्याचा चेहरा असा फुलला की मी खाली बघितलं. "मी म्हनलं नोयतं, येतीन म्हून?" तो मागे वळून लोकांना म्हणाला.

मी थर्मास उघडून हात आत घातला. पाणी कोमट होतं. बर्फाचा एक खडा नव्हता, कुपी त्या पाण्यात निवांत तरंगत होत्या.

तेव्हा सांगायला हवं होतं. "लस गेली, उद्या येतो." एवढंच. पण चारपाचशे डोळे माझ्यावर, सकाळपासून उन्हात तापलेली माणसं, आणि 'एकडाव घरी गेले तं पुन्यांदा नाई यायचे' हे त्याचं बोलणं कानात. मी मनाशी म्हटलं, कदाचित गेली नसेल. कदाचित थोडी जिवंत असेल. उद्या-परवा दुसऱ्या फेरीचं काहीतरी कारण काढता येईल. माणूस स्वतःला किती पटकन पटवतो! मी पूड कालवली, सुई भरली आणि कपाळावर ठिपका असलेल्या त्या बैलाच्या मानेत टोचली. मग दुसऱ्याच्या. त्यांना काही झालं नाही, उभ्या उभ्या शेपट्या हलवत राहिले, तसा गावाला धीर आला आणि रांग पुढे सरकली. दोन तासांत सगळं गाव टोचून झालं. गूळ-पाणी झालं. माझ्या गळ्यात हारही पडला, माझ्या!

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी सिलिंडर खोलला. पिस्टनवर उभे ओरखडे होते. त्याने तडकलेल्या पाकळीवरून बोट फिरवलं.

"गरम लोखंडाले थंडं कोनं लावलं? पानी कुटून आनलं तिथं?"

त्याला मी सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. त्याने ऐकून घेतलं, हात रॉकेलने धुतले, पुसले. "इंजिन मी घासून देतो भाऊ. नवा पिस्टन टाकतो. ते दुसरं जे हाय ना, ते मले नाई जमत." पुढे म्हणाला की नवा पिस्टन बसला की पाचशे मैल पंचवीसच्या वर जायचं नाही, नाहीतर पुन्हा धरेल.

मी साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत रोज जायचो. आज सांगू म्हणायचो. त्यांच्या टेबलावर वरवट बकालच्या कामाचा अहवाल होता, वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'समाधानकारक' लिहिलेलं. मी दुसरंच काहीतरी विचारून परत यायचो. असे सतरा-अठरा दिवस गेले. रात्री झोप नाही, दिवसा अन्न गोड लागेना.

एके सकाळी वरवट बकालचा तो शेतकरी दवाखान्याच्या पायरीवर बसलेला दिसला. पहिल्या एसटीने आला होता. "डॉक्टरसाहेब, जरा चालता काय? ठिपक्यावाला बैल दोन दिवस झाले खाऊन नाही राह्यला. तोंडातून लाळ गळते. आता हगून राह्यला पान्यावानी."

बैल कुठे नेले होते का, मी विचारलं. हो, म्हणाला. त्याच्या बहिणीचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, तिच्या घराचं काम निघालं होतं, तर दगड वाहायला जोडी घेऊन गेला होता. त्या गावात बुळकांडी होती. "मले मालूम होतं, थे आहे म्हून. गावात बाकीचे कोनीच जनावर बाहेर काढून नाही राह्यले, टोचलं तरी भरोसा नाही त्याहिले. मी म्हनलं, आपले तं टोचले हायेत, आता कायचा भेव?"

अख्ख्या गावात माझ्यावर विश्वास ठेवणारा तो एकटाच निघाला.

त्याला मागे बसवून निघालो. आणि तो रस्ता, बाप रे, तो रस्ता! नवा पिस्टन, पंचवीसच्या वर जायचं नाही. गेलो आणि पुन्हा धरलं तर रानात अडकून पडू. आयुष्यात पहिल्यांदा घाई करायला खरं कारण होतं आणि हाताखाली बैलगाडीपेक्षा जरा बरी चाल. सगळं अंग पुढे ओढत होतं. माझी मूठ फिरू नये म्हणून मी मनगट टाकीला दाबून धरलं होतं, मनगटाला नंतर फोड आला. मध्येच तो मागून म्हणाला, "आरामानं चाला डॉक्टरसाहेब. गाडी तापन. त्या दिशीबी तुमी आमच्यासाठी गाडी जाळत आलते, धूर निंगत होता तिच्यातून. मी पाह्यलं नं."

मी मनगट टाकीवर आणखी दाबलं.

बाभळीपाशी इंजिन निववायला थांबलो. तीच बाभूळ. तो सावलीत उकिडवा बसून बैलांचं सांगत राहिला. ठिपक्यावाला जरा अडेल, पण तिफणीला सरळ रेघ तोच धरतो. दुसरा त्याच्याशिवाय पाणी पीत नाही. आम्ही पोचलो तेव्हा ठिपक्यावाला गेला होता. अंगणात आडवा, वर गोणपाट, आणि बायको शेजारी बसलेली. दुसरा गोठ्यात उभा होता, पण डोळे खोल गेलेले, नाकातून पू, पाय थरथरत. मी त्याच्या तोंडात बोट घातलं, फोड होते. त्यावर करण्यासारखं काही नव्हतं, तरी मी मिठाच्या पाण्याने तोंड धुतलं, पेज पाजली, माश्या हाकलल्या, जे सुचेल ते करत राहिलो. दुपारपर्यंत तोही बसला. परत उठला नाही.

शेजारचे दोघेतिघे कुडापाशी उभे होते. एकजण म्हणाला, "पाह्य, हे असं असते टोचनं." बैलांचा धनी ताडकन उठला. बैल मेल्यावर रडला नव्हता, आता त्याचा आवाज चिरकला. "काही बोलू नोको! त्याहीनं टोचलं बराबर. माह्याच बैलाचं रगत कमजोर असन. दोन सालाआधी घेतले तवाच हडकले होते. तुमी तुमचे टोचले ते बरं केलं." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी मनाले लावून घेऊ नका डॉक्टरसाहेब."

मी परत निघालो ते कसा पोचलो आठवत नाही. साहेबांना फक्त एवढंच सांगितलं की वरवट बकालला बुळकांडीने दोन बैल गेले. ते म्हणाले, एखाद्या वेळी लस लागत नाही, साथ जवळ आली आहे, तेव्हा सगळं गाव पुन्हा टोचून घ्या. त्यांनी शंका घेतली नाही. मी शंका घेऊ दिली नाही.

दुसऱ्या फेरीला मी पहाटे उजाडताना निघालो. पंचवीसच्या वर काटा गेला नाही. दोनदा थांबलो, दोन्ही वेळा पुरा अर्धा तास. फटफटी उभी करून मी तिच्यासमोर बांधावर बसून राहिलो, आणि एकदाही उठलो नाही. थर्मास उघडून बघितला नाही. साडेआठला गावात पोचलो तेव्हा बर्फ जवळजवळ जसाच्या तसा होता.

या वेळी माणसं कमी होती, पण होती. त्याने पुन्हा दारोदार जाऊन आणली होती. स्वतःचे बैल गेल्यावर! रांगेत पहिला तोच. हातात एक गोऱ्हा, अजून नाक न टोचलेला, खांदा कोवळा. बहिणीने दिला होता म्हणे. एवढ्याशाकडून पेरणी होणार नव्हती. उसन्या जोडीने सगळ्यांच्या शेवटी, उरलेल्या ओलीवर पेरावं लागणार होतं. ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

"याले दोन टोचा डॉक्टरसाहेब," तो म्हणाला.

"दोन?"

"मांगच्या खेपेले एकानं भागलं नाही ना. आमच्या जनावराइले दोन लागत असतीन. बाकीच्याइचं तुमी पाहा. याले दोन द्या."

सुई माझ्या हातात भरलेली होती. ती मी परत डब्यात ठेवली. "भाऊ, मागच्या खेपेला तुम्हाला एकही दिली नव्हती," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं, हळू आवाजात, त्याच्या गोऱ्ह्याच्या पाठीआड उभा राहून. पन्नासवर नेली ते, आवाज ऐकूनही थांबलो नाही ते, लशीचा बर्फ इंजिनावर घातला ते, पाणी कोमट आहे हे माहीत असून त्याच्या बैलांना आधी टोचलं ते.

तो गोऱ्ह्याची मान खाजवत होता, ते थांबलं. मला वाटलं आता तो मारेल. मारावं, असंच मला वाटत होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "काऊन थांबले हो?"

"आपोआप निवू देलं असतं," त्याने विचारलं, "तं किती येळ गेला असता?"

"तास. तासाला थोडं कमी."

"आन् बर्फ टाकून?"

"अर्धा तास वाचला."

"अर्धा घंटा," तो म्हणाला.

त्याने मागे वळून रांगेकडे बघितलं. किती जनावरं आली आहेत ते बघत असावा. मग माझ्याजवळ सरकून अगदी हळू बोलला, "हे याहिले सांगू नका. सारे जनावरं घेऊन घरी जातीन." आणि गोऱ्ह्याचं दावं दोन्ही हातांनी आवळून, तोंड दुसरीकडे करून उभा राहिला.

"टोचा," तो म्हणाला. "एकच टोचा."